रिमोट परत मिळणेबाबत

टीव्हीच्या मागे रंगीत दिव्यांची पट्टी असावी की नसावी, या वादाचा निकाल घरतांच्या घरी लागला आणि तो 'असावी' असा लागला. आता हा निकाल लागलाच नाही असं समजून पुढे वाचा. कारण अलिबागच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला कोणीही सांगेल, की एकतर्फी निकालाचं काही खरं नसतं. त्यातून इथे जी बाजू हजर नव्हती, तीच जिंकली होती. हजर नसण्याचं कारण सबळ होतं. हरेश्वर घरत वारला होता.

हरेश्वरचे बंदरातून कंटेनर ओढणारे दोन ट्रेलर होते. हृदयात जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी त्याला ट्रेलरवर चढायची बंदी केली, तेव्हापासून तो टीव्हीसमोरच्या खुर्चीत चढून बसला होता. तिथूनच त्याने ती पट्टी मागवली. टीव्हीच्या पाठीला चिकटवायची, आणि पडद्यावर जे दिसेल तो रंग मागच्या भिंतीवर पडायचा. समुद्र आला की भिंत निळी, शेत आलं की हिरवी, बातम्या लागल्या की लाल आणि बातम्या संपेपर्यंत लालच.

त्याची बायको नूतन ग्रामपंचायतीत लिपिक होती. खाडीकाठच्या त्या गावात नळ मागायचा असो की शेजाऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध तक्रार, अर्ज तीच लिहून द्यायची. त्यामुळे हरेश्वर तिला 'साहेब' म्हणायचा.

"भिंतीला कशाला उजेड?" नूतन पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "भिंतीनं काय बघायचंय?"

"डोल्यांना बरं असतं गो. मागं उजीड पडला की डोलं दुखत न्हाय."

"डोळे दुखतात तर टीव्ही बंद करा. डोळ्यांना त्याच्यापेक्षा बरं दुसरं काही नाही."

"लेखी दे, साहेब. अर्ज आला की इचार करू."

हा संवाद रोज व्हायचा. ती आतून ओरडायची, "अवो, बंद करा ते!" आणि बाहेरून उत्तर यायचं, "लेखी दे, साहेब!" सगळ्या गावाचे अर्ज लिहिणाऱ्या नूतनने हा एक अर्ज कधी लिहिला नाही. घरातल्या घरात काय अर्ज करायचा?

लग्नसराई चालू होती. त्या दुपारी हरेश्वर जेवून खुर्चीत बसला, टीव्हीवर हळदीची गाणी लावली आणि पट्टीच्या छोट्या रिमोटवरचं एक बटण दाबलं. त्या बटणाने दिवा पडद्याचा नाद सोडायचा आणि आवाजाच्या तालावर नाचायला लागायचा. भिंतीवर लाल-हिरवा धुमाकूळ सुरू झाला. नूतन आतून ओरडली, "अवो, बंद करा ते! डोकं उठलंय माझं!"

उत्तर आलं नाही. रुसले असतील, असं समजून तिने उरलेली भांडी घासून पालथी घातली. मग ती बाहेर आली. भिंत नाचत होती. हरेश्वर नव्हता.

म्हणजे होता, पण ज्याला आपण असणं म्हणतो, तसा नव्हता.

नवरा-बायकोतलं शेवटचं वाक्य काय असावं, हे कोणाच्या हातात नसतं. नूतनच्या वाट्याला 'डोकं उठलंय माझं' आलं. ते तिने कोणाला सांगितलं नाही. रडलीही नाही. तिने आधी टीव्ही बंद केला, मग मुंबईला ओंकारला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मृत्यूची नोंदही स्वतःच केली, कारण नोंद करणारी तीच होती. माहिती देणाऱ्याच्या जागी तिने सही केली, माहिती घेणाऱ्याच्या जागीही केली, आणि स्वतःलाच 'दाखला नंतर मिळेल' असं सांगून घरी आली.

खरा घोटाळा मात्र आदल्या दिवशीच, तिरडी उचलायच्या आधी झाला होता.

हरेश्वरची थोरली बहीण ठमीआत्या ही गावची धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाऊन देवांना बोलावणारी. आवाज असा, की मांडवात तिने सूर लावला तर पलीकडच्या मांडवातला डीजे आपणहून बंद व्हायचा. तिनेच भावाच्या खिशात सुपारी, चष्मा आणि त्याची आवडती वस्तू ठेवली.

"हातातून कदी सुटला न्हाय माज्या भावाच्या," ती म्हणाली. "तिकडं पन असूं दे."

ती वस्तू म्हणजे रिमोट. टीव्हीचा नव्हे, तो मोठा. दिव्याचा छोटा, पांढरा. ओंकारच्या हे लक्षात आलं तेव्हा खाडीवरच्या स्मशानात चितेने पेट घेतला होता, आणि "जरा थांबा, पप्पांच्या खिशात रिमोट राहिलाय" असं म्हणायची ती वेळ नव्हती.

टीव्ही बंदच होता. सुतकात टीव्ही कोण लावतं? हरेश्वरने जिथे प्राण सोडला, तिथे टीव्हीसमोरच समई लावली, भोवती पीठ पसरलं, वर टोपली झाकली. दहाव्यापर्यंत तिथे पाय टाकायचा नाही, वस्तू हलवायची नाही. सगळं रीतसर झालं.

संध्याकाळी भेटायला पहिल्या बायका आल्या. ठमीआत्याने पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला.

"माज्या भावा रं! मना टाकून कुटं गेलास रं!"

टीव्हीमागची भिंत निळी झाली, मग हिरवी, 'गेलास'ला लाल झाली आणि 'रं'वर थरथरत राहिली.

आत्या गप्प झाली. भिंत काळी झाली.

"कय झालं?" तिने विचारलं. तेवढ्यालाही भिंतीवर निळी लाट आली आणि ओसरली. तोवरच्या गडबडीत भिंतीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"हरेश्वर आला," शेजारची केसरकाकू म्हणाली. भिंतीने दुजोरा दिला.

"काकू, पप्पा नाय ते," ओंकार घाईघाईने म्हणाला. "लाइट आहे. त्याच्यात माइक असतो. टीव्ही बंद केला तरी ती चालूच राहते, आवाज झाला की पेटते."

"म्हंजे त्याला ऐकू येतं?"

"हो."

"कुनाला?"

"लाइटला!"

"तेच म्हनते मी," केसरकाकू म्हणाली आणि तिने भिंतीला हात जोडले.

दिवा बंद करणं ही साधी गोष्ट होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी हरेश्वरला पाहिलेलं नाही. रिमोट खाडीवर गेला होता. प्लग टीव्हीच्या मागे, आणि टीव्हीपर्यंत पोचायचं तर समई ओलांडावी लागणार. ओंकारने मेन स्विच पाडला. पंखे थांबले, फ्रिज थांबला, आणि ठमीआत्या "आता कय?" म्हणाली तर भिंत पेटली. ऐन सामन्यात वीज जाते म्हणून हरेश्वरने टीव्ही आणि दिवा इन्व्हर्टरवर घेतला होता. इन्व्हर्टरला बटण नव्हतं. ट्रेलरची जुनी बॅटरी लावून त्याने तो स्वतःच जोडला होता, आणि त्यातली कुठली वायर ओढली की काय बंद पडतं हे तो जाता जाता सांगून गेला नव्हता. शेवटी ओंकारची बायको राही हिने टीव्हीवर लांबून चादर फेकली. त्याने भिंत ढगासारखी दिसायला लागली. आलेल्या बायका म्हणाल्या, हे तर अजून छान.

वायरमन परेशला निरोप गेला. तो उरणला कामावर होता. तो येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं ते सांगता येत नाही, पण रंगांना अर्थ होता. नुसत्या हुंदक्याला निळा. आवाज काढून रडलं की हिरवा. छाती पिटून, नाव घेऊन, तालात रडलं की लाल. आणि सगळे रंग एकामागून एक धावायचे ते फक्त ठमीआत्याच्या वेळी, कारण तिच्या रडण्याला धवल्याचा ठेका होता. भेटायला येणाऱ्या बायका एक डोळा पदरात आणि एक भिंतीवर ठेवून रडू लागल्या. माणगावकडची मंडळी गाडी करून आली, बराच वेळ बसली, पण निळ्याच्या वर गेली नाही.

"पयल्यापासूनच हातचं राखून असतात ती," ठमीआत्या त्यांची गाडी वळायच्या आत म्हणाली.

किहीमच्या रंगूमावशीने लाल काढला, पण तेव्हा तिच्या नवऱ्याला शिंक आली होती, त्यामुळे त्यावर वाद झाला. आतून कुकरची शिट्टी झाली तेव्हा सगळे रंग धावले. तो मात्र सर्वानुमते बाद ठरला. हरेश्वरशी ज्यांचं कधी पटलं नव्हतं, त्याही बायका दोनदा येऊन गेल्या. आपल्या मरणाला गावाने इतकं मनावर घेतलेलं पाहून हरेश्वरला फार बरं वाटलं असतं. पण त्यासाठी मरावं लागतं, आणि मेल्यावर पाहता येत नाही. योजनेत ही त्रुटी आहेच.

परेश पक्कड घेऊन आला तोवर हे इतकं पुढे गेलं होतं.

"इन्व्हर्टर तोडू का, वैनी?" त्याने नूतनला विचारलं.

"खबरदार!" ठमीआत्या म्हणाली. भिंत लाल. "उद्या उरनची येनार हायत. त्यांचं बघूं दे की जरा."

परेश पक्कड खिशात घालून चहा पिऊन गेला.

या सगळ्यात नूतन कोपऱ्यातल्या चटईवर बसून होती. येणारी प्रत्येक बाई तिला मिठी मारायची, आपला रंग काढायची, आणि मग खोली थोडा वेळ गप्प राहायची. ती जागा नूतनसाठी मोकळी सोडलेली असायची. नूतन तोंड उघडायची. भिंत काळीच राहायची.

तिला रडू येत नव्हतं. आपलं शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं की आधीच गेला होता, एवढंच तिच्या डोक्यात फिरायचं. ऐकलं असेल तर वाईट. ऐकलं नसेल तर त्याहून वाईट, कारण मग ती त्याच्याशी शेवटचं बोललीच नव्हती.

कुजबुज सुरू झाली, आणि नूतनला ती कळायचीही. ती आत चहा टाकत असताना बाहेर कोणी काही बोललं, की चादरीआड भिंत अगदी फिकट निळी व्हायची. स्वयंपाकघराच्या दारातून ती दिसायची. आपली निंदा अशी निळ्या रंगात बघायला मिळालेली ती तालुक्यातली बहुधा पहिलीच बाई.

"बायको काय रडली न्हाय गो," केसरकाकूची कुजबुज एकदा हिरव्यापर्यंत गेली.

राहीने सासूला मदत करायची म्हणून कांदे चिरून ताट समोर ठेवलं. नूतनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भिंत ढिम्म. त्या दिव्याला डोळे नव्हते, कान होते.

मग खोलीत कोणी नसताना नूतन स्वतःच भिंतीसमोर बसली. घसा साफ केला. ग्रामपंचायतीचे सगळे शोकप्रस्ताव आजवर तिनेच लिहिले होते. तिने तोच सूर लावला. "कैलासवासी हरेश्वर घरत यांच्या दुःखद निधनाने गावाची कधीही भरून न येणारी हानी झाली असून, ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते."

भिंतीवर जेमतेम निळं काहीतरी हललं. माजी उपसरपंचाच्या वेळीही सभेत याहून जास्त हललं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ठमीआत्या तिच्याजवळ सरकली. रडून रडून आत्याचा घसा बसला होता. आता तीही हिरव्यावर आली होती.

"नूतन, बाय, उद्या परेश ते काढून टाकनार. एकदा तरी लाल कर गो. माज्यासाटी नको, घराच्या इज्जतीसाटी कर."

"येत नाही, आक्का."

"माज्या भावानं तुना इतकं कय छळलं का?"

"छळलं असतं तर रडता आलं असतं," नूतन म्हणाली.

आत्याला हे कळलं नाही. खरं तर नूतनलाही नीटसं कळलं नाही.

दहाव्याला पुरुषमंडळी ओंकारला घेऊन पिंडाला खाडीवर गेली. घरी बायकांनी खोली भरली. माणगावची आली होती, उरणची आली होती, किहीमची रंगूमावशी नवऱ्याला घरी ठेवून आली होती. टोपली उचलली, समई बाजूला घेतली, आणि गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला हे पाहायला सगळ्या जणी पिठावर वाकल्या. पिठात एक लांबट, रेघारेघांची खूण होती.

"साप हाय," रंगूमावशी म्हणाली.

"साप नव्हं, टायर हाय," ठमीआत्या म्हणाली. "ट्रेलरच झाला पुना माजा भाव." सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसाची आवड जन्मोजन्मी जात नाही.

आता जागा मोकळी झाली होती. परेश टीव्हीच्या मागे शिरला. चादर काढली, हात आत घातला.

"सापडला प्लग. काढू?"

"थांब," ठमीआत्या म्हणाली आणि तिने नूतनकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिलं. कोणी खोकत नव्हतं. बांगडी वाजू नये म्हणून केसरकाकूने एका हाताने दुसरं मनगट धरून ठेवलं होतं. भिंत काळी, आणि तिच्यासमोर हरेश्वरची रिकामी खुर्ची.

नूतनने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने मिटलं.

परेश टीव्हीमागून डोकं काढून म्हणाला, "पन वैनी, कशाला काढता? भारी वस्तू हाय. मागं उजीड पडला की डोल्यांना बरं असतं."

भिंत हिरवी झाली.

ते वाक्य नूतनने रोज ऐकलं होतं, आणि त्यानंतर काय म्हणायचं हे तिच्या जिभेला ठाऊक होतं. ते म्हणायला ती लागतच नव्हती. खुर्चीकडे तोंड करून, पोटातून, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचेल अशा बेताने ती ओरडली.

"अवो, बंद करा म्हणते ना मी ते! किती वेळा सांगायचं तुम्हाला! डोकं उठलंय माझं!"

भिंतीवर लाल आला आणि गेला, हिरवा आला, पिवळा आला, ठमीआत्यालाही कधी मिळाला नव्हता तो जांभळा आला, सगळे एकमेकांत धावले, आणि 'माझं'ला त्या सगळ्यांचा मिळून पांढरा झाला. लख्ख. बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. केसरकाकूने भीतीने मनगट सोडलं आणि बांगड्या वाजल्या, तर त्याचाही एक वेगळा रंग उमटला. उरणच्या पाहुण्या उभ्या राहिल्या.

मग रंग ओसरले. नूतन खुर्चीकडे बघत थांबली. थांबायची तिला सवय होती. उत्तर यायला एवढा वेळ लागायचाच. लेखी दे, साहेब.

भिंत काळी झाली. काळीच राहिली.

तेव्हा ती रडली. खाली बसून, गुडघ्यांत तोंड घालून, इतकी बारीक की दिव्याला काही ऐकू गेलं नाही. त्यामुळे ती रडली याची कुठे नोंद नाही. कोणी पाहिलंही नाही, कारण सगळ्या बायका अजून पांढऱ्याबद्दल बोलत होत्या, आणि त्या बोलण्याने भिंत रंगीबेरंगी झाली होती.

"याला म्हनतात रडनं!" माणगावची मोठी बाई म्हणाली.

"पांढरा!" ठमीआत्या बसक्या घशाने सांगत फिरत होती. "आमच्या नूतननं पांढरा काढला! माज्या भावाची बायको हाय ती!"

गावात आजही तेच सांगतात. नवऱ्यावर खेकसली त्याला गाव रडणं म्हणतं, आणि रडली ते कोणाला माहीत नाही. नूतनने दुरुस्तीसाठी अर्ज केलेला नाही.

"काढू ना, वैनी?" परेशने सगळं शांत झाल्यावर विचारलं. त्याचा हात अजून प्लगवरच होता.

"राहू दे," नूतन म्हणाली.

अशा तऱ्हेने तो निकाल लागला, जो लागला नाही असं आपण धरून चाललो होतो.

ओंकार आणि राही मुंबईला गेले. आता संध्याकाळी कचेरीतून आल्यावर नूतन टीव्हीसमोर बसते. खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. टीव्ही लावला की दिवा त्या आवाजावर नाचतो, त्याने तिचं डोकं उठतं, म्हणून ती टीव्ही लावत नाही. दिवा मात्र चालूच असतो, कारण प्लगला ती हात लावत नाही, आणि तो बंद करायचं बटण खाडीवर राख होऊन गेलं आहे. बाहेरून ट्रेलर गेला की भिंत हिरवी होते. ती मान वर करून बघते, ट्रेलर लांब जातो, भिंत काळी होते.

एका संध्याकाळी ती स्टुलावर सरळ बसली, पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघून कचेरीतल्या आवाजात बोलायला लागली. भिंतीवर फिकट निळा उमटला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तसाच राहिला.

"प्रति, मेहेरबान हरेश्वर घरत साहेब, मुक्काम माहीत नाही. विषय, रिमोट परत मिळणेबाबत. महोदय, आपण वेळोवेळी मागणी केल्याप्रमाणे हा अर्ज सादर करीत आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. आपल्यासोबत चुकून गेलेल्या रिमोटअभावी घरातला दिवा बंद करता येत नाही. तरी सदर रिमोट मिळेल त्या वाहनाने परत पाठवावा. आणि ते शक्य नसल्यास आपण स्वतः समक्ष येऊन दिवा बंद करून जावे, ही नम्र विनंती."